आत्याची कुर्र आणि चार देशांचे दर

हे रुक्मिणीमाते, कौंडण्यपूरच्या लेकी, आणि तिच्या एका निरोपासरशी रथ जुंपून धावत आलेल्या द्वारकानाथा, तुम्हां उभयतांना दंडवत! वाणी द्या, आणि दिलेली वाणी मध्येच अडकू देऊ नका... कारण अडकणे म्हणजे काय, तेच आज ह्या मंडळींना सांगायचे आहे.

आणि ह्याला म्हणे वेग! नाही, तुम्हीच सांगा, ह्याला वेग म्हणायचे? अहो, आमच्या ह्याच वर्धा नदीच्या काठावरून मातेने द्वारकेला निरोप धाडला, पायी चालणाऱ्या एका म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या मुखाने. ना तार, ना इंटरनेटची डबी, ना डबीवर लुकलुकणारा हिरवा दिवा. तरी निरोप पोचला की नाही? पोचला. देव वेळेवर आला की नाही? आला. आणि आमच्या वलगावच्या ताराबाईंना जर्मनीतल्या एका बाळाच्या कानात तीन अक्षरे सांगायची होती, फक्त तीन, तर चार देशांच्या तारा एकत्र आल्या, चार देशांचे शहाणे एकत्र आले, आणि तुम्हाला सांगतो, पडद्याच्या मधोमध एक पांढरे वर्तुळ उगवले. ते सुदर्शन चक्र तरी सुटले की शत्रूचे मस्तक घेऊन परत येत असे. हे सुटतही नाही, परतही येत नाही. जागच्या जागी, गरगर, गरगर... चक्र आपले फिरतेच आहे!

आता ताराबाई कोण, तर गौरांगची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून गौरांगला तिनेच अंगाखांद्यावर वाढवला, वलगावच्या शाळेत घातला, अमरावतीच्या कॉलेजात पाठवला. आणि शिकून शहाणा झाला तो जर्मनीत गेला. इकडे राहून करणार काय होता? ती सगळी वर्षे तुम्हाला ठाऊक आहेत. कपाशी बहरात दिसावी आणि बोंड उकलून पाहावे तर आत गुलाबी अळी निवांत निजलेली. गावोगावची शिकलेली पोरे ज्या गाडीत जागा मिळाली तिने निघून गेली. कोणी पुण्याला उतरले, कोणी थेट समुद्रापलीकडे.

तर गौरांगला मुलगी झाली. आणि मुलीच्या बारशाला नाव कोण सांगते? आत्या! बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करायचे आणि नाव सांगायचे, हा मान बापाच्या बहिणीचा. ताराबाईंनी नावही काढले होते, 'वैदर्भी'. काय नाव आहे पाहा! साक्षात रुक्मिणीमातेचे नाव, विदर्भाची लेक! परमुलुखात जन्मली तरी पोरीने हाक ऐकावी ती आपल्या मातीची. गौरांगला आवडले, त्याच्या बायकोला, चारुताला, आवडले. अडले कुठे? ताराबाईंच्या व्हिसाला मुंबईच्या कचेरीने जी तारीख दिली, ती बारशाच्या पुढची निघाली.

चारुता गुणाची सून. तिने फोनवर फार गोड शब्दांत सुचवले की ताई, इथे शेजारी अकोल्याची निखत राहते, मला बहिणीसारखी आहे, नाव तिने कानात सांगावे आणि तुम्ही पडद्यावरून आशीर्वाद द्यावा. त्यावर ताराबाई जे बोलल्या ते मी जसेच्या तसे सांगतो.

"चारुता, तुझी निखत गुणाचीच असन. पण नाव मीच सांगीन. त्या पोरीच्या कानात पयला आवाज आत्याचाच गेला पायजे. मंग तो तारेतून जाओ का वाऱ्यावरून जाओ."

झाले, ठरले. पडद्यावरून बारसे! बाळाच्या कानाशी फोन धरायचा आणि ताराबाईंनी वलगावहून कुर्र करायचे. नाहीच जमले तर निखत आहेच. ह्या 'नाहीच जमले तर'ची धास्ती ताराबाईंनी अशी घेतली की त्यांनी त्याच संध्याकाळी इनायतुल्लाला बोलावून घेतले.

इनायतुल्ला म्हणजे गावात घरोघर इंटरनेट देणारा माणूस. बापजाद्यांचा व्यापार कापसाचा. मूठभर कापूस हातात घेऊन दोन चिमटींत ताणला की धाग्याची लांबी सांगणारे घराणे! पण कापसाने दगा दिला, जिनिंग बंद पडले, आणि ह्याने धागा सोडला नाही, फक्त जात बदलली. कापसाचा सोडून इंटरनेटच्या तारेतला काचेचा धरला. बोलण्याची ढब मात्र अजून बाजार समितीतलीच. ताराबाईंनी विचारले, बाबा रे, नीट पोचेल ना? तर म्हणतो, बाईजी, बेफिकीर राहा, अपना माल एक नंबर, एकदा इथून रवाना झाला की झाला.

आणि आता ह्या कथेत संकटाचा प्रवेश होतो. संकटाचे नाव सहदेवकाका.

सहदेवकाका हे ताराबाईंचे सख्खे चुलते, अकोल्याचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. माणूस निष्पाप हो, पण तुलना केल्यावाचून घास उतरत नाही. आंबा खातील तर कोकणचा आणि गावरान समोरासमोर ठेवून. बारसे इंटरनेटवर आहे असे कळताच ते अकोल्याहून पहिल्या गाडीने वलगावात दाखल झाले आणि चौकशीला लागले, की कोणत्या देशात घरच्या इंटरनेटला महिन्याचा दर किती, त्या दरात वेग किती, आणि मग एका रुपयामागे पदरात पडते काय! आणि घरात साधने तयारच. ह्यांचा मुलगा ओमप्रकाश दक्षिण कोरियात. ताराबाईंचा मामेभाऊ बंडू अमेरिकेत. गौरांग जर्मनीत. काकांनी तिघांनाही बजावून ठेवले की बारशाला सगळ्यांनी पडद्यावर हजर राहायचे. पुतणीला आशीर्वाद द्यायला, असे म्हणाले. पण मनात काय होते ते पांडुरंगाला ठाऊक आणि आता तुम्हाला.

बारशाचा दिवस उजाडला. इकडे वलगावात दुपार. ताराबाई हिरवे लुगडे नेसून, नथ घालून पडद्यासमोर पाटावर बसल्या. शेजारणी जमल्या, घुगऱ्या शिजल्या, सुंठवडा झाला. तिकडे जर्मनीत सकाळ, चारुताने बाळाला झबले-टोपडे घालून पाळण्यात ठेवलेले. कोरियात संध्याकाळ, अमेरिकेत बंडू पहाटे डोळे चोळत बसलेला. सगळे चेहरे आपापल्या चौकोनात उमटले, शेजारणींनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच 'जो जो'ला घोटाळा! इकडचा 'जो' निघाला तो वाटेत कुठेतरी समुद्रावर रेंगाळला, तेवढ्यात तिकडून चारुताचा 'जो' निघाला, दोघांची गाठ कोणत्या देशाच्या डोक्यावर पडली कोण जाणे, पण घरात पोचले ते 'जोजोजोजो' असे काहीतरी, जणू पाळणा नव्हे, गिरणी चालू आहे. मग गौरांगचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. चारुताचा हात हवेत. बाळ तेवढे हलत होते, तेही थिजले. आणि पडद्याच्या मधोमध... बरोबर ओळखलेत. चक्र आपले फिरतेच आहे!

शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावे? गप्प बसावे, नामस्मरण करावे. सहदेवकाकांनी काय केले? घसा खाकरला. म्हणाले, गौरांग, तुझ्याकडे महिन्याला दर काय आहे?

जर्मनीचा चौकोन जरा हलला. गौरांगने सांगितले की पस्तीस युरो, म्हणजे आपले अडीच हजारांच्या वर, आणि वेग म्हणाल तर त्यांचे खेडे आडबाजूला, टेलिफोनची जुनी तांब्याची तार, तीही हळूहळू चालणारी. नवी तार टाकायला कंपनीचा माणूस येणार आहे, त्याची तारीख मिळाली आहे. बाळाची चाहूल लागली त्याच आठवड्यात हा अर्ज केला होता. बाळ नवव्या महिन्यात आले, माणूस अजून यायचा आहे.

हे ऐकून ओमप्रकाश फुलला. त्याचा चौकोन तर आरशासारखा लख्ख, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! तो सांगू लागला की कोरियात ह्याहून कमी पैशांत ह्याच्या वीसपट वेग, आणि जमिनीखालच्या रेल्वेतसुद्धा सिनेमा न थांबता चालतो. काकांची छाती रुंद झाली. लगेच भूगोल सुरू... की देश चिमुकला, माणसे उंच इमारतींत दाटीने राहतात, एक तार नेली की शंभर घरे उजळतात, म्हणून स्वस्त. त्यावर बंडूला राहवेना. बंडूचे दुःख वेगळे आणि अभिमानही वेगळा. महिन्याला पासष्ट डॉलर, म्हणजे चार हजारांच्या वर, भरतो, आणि ते अशा थाटात सांगतो की जणू जास्त दर देणे हाच मोठेपणा! त्याच्या गल्लीत कंपनी एकच, पसंत असेल तर घ्या, नसेल तर रामराम. काका म्हणाले, अरे, मग ही तर आपल्या जुन्या सावकारी मुलखासारखी गत झाली. बंडू रुसला. त्याचा चौकोन काळा झाला. पण कान उघडेच होते, हे पुढे कळले.

आणि मग इनायतुल्ला! तो उंबऱ्याशी डबी धरून उभा होता, त्याला आपल्या देशाची बाजू मांडल्यावाचून कसे राहवेल? सातशे रुपये, फक्त सातशे, आणि वेग शंभरपर्यंत! सगळ्या दुनियेत एवढा सस्ता कोणी देत असेल तर दाखवा. आता तुम्हाला सांगतो, ह्या 'पर्यंत' शब्दाची लीला अगाध आहे. शंभर नव्हे, शंभरपर्यंत. एक सुद्धा शंभरपर्यंतच असतो की! दोन सुद्धा! जप-तप करणारा साधकही सायुज्यमुक्तीपर्यंत पोचू शकतो. पण म्हणून तुमचा माझा हिशेब झाला का?

आणि हसू नका. त्याच साली अख्खे वऱ्हाड त्या वर्तुळाकडे पाहत होते. सरकारी केंद्रावर कर्जमाफीसाठी नवरा-बायकोने जोडीने अंगठा लावायचा, असा नियम होता. माणसे दिवसभर रांगेत उभी, अंगठ्याची रेघ यंत्राला दिसत नाही, कारण कापूस वेचून वेचून रेघ उरलीच कुठे होती? आणि दिसलीच तर पुढे पडद्यावर... चक्र आपले फिरतेच आहे! तेव्हा कोण्या मायबापाने दर विचारला नाही, की कोरियात किती आणि अमेरिकेत किती. असो. मी भरकटलो. बारशाकडे येऊ.

ह्या सगळ्या वादात ताराबाई पाटावर ताठ बसून होत्या. डोळे फक्त एका चौकोनावर. बाळ चुळबुळ करू लागले होते, टोपडे कपाळावरून खाली घसरले होते, आणि चारुताच्या मागे निखत येऊन उभी राहिली होती. निखत दिसली मात्र, ताराबाईंच्या नथीचा मोती हलला. मान हातचा जाणार, हे त्यांनी ओळखले. त्या तशाच पडद्यावर झुकल्या, हाताने सगळ्यांना गप्प केले आणि चारुताला म्हणाल्या की फोन लेकीच्या कानाशी धर, आता मी थांबत नाही.

चारुताने फोन धरला. चार देश चिडीचूप. ताराबाईंनी डोळे मिटले, मातेचे स्मरण केले, दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी नेला आणि सगळे आयुष्य त्या तीन अक्षरांत ओतून म्हणाल्या, "कुर्र... वैदर्भी!"

इथून नाव पूर्ण निघाले हो! मी स्वतः साक्षीला होतो, काना-मात्रा जागच्या जागी! पण वाटेत काय झाले असेल ते असो, 'वै' गळाला. कुठे पडला असेल, इराणात की तुर्कस्तानात, देव जाणे. आणि चारी देशांच्या चौकोनांतून उमटले ते एवढेच... "दर... भी..."

दर! दर भी! अहो, तास झाला सगळे दराचाच घोळ घालीत होते, त्यांच्या कानांना दुसरे ऐकू येणार काय? काळ्या चौकोनातून बंडू गरजला, की सांगितला ना एकदा, पासष्ट डॉलर, किती वेळा सांगू! ओमप्रकाशने समजुतीने कोरियाचा दर पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला. गौरांगला वाटले ताई आपलाच दर विचारते आहे, तो म्हणाला, पस्तीस, ताई, पण करार दोन वर्षांचा आहे. आणि उंबऱ्यातून इनायतुल्ला छाती काढून पुढे आला. त्याचे कान पडद्याकडे, त्याला तर तिथून परत आलेले ते चोख हिंदीच वाटले.

"दर भी सस्ता, बाईजी! स्पीड भी, दर भी, दोन्ही आपलेच!"

ताराबाईंनी डोळे उघडले. माझ्या मायबापांनो, तो चेहरा मी सांगू शकत नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'दर भी'. तिसऱ्यांदा नुसतेच 'भी'. सहदेवकाका इनायतुल्लाला विचारू लागले, दोष कोणाच्या तारेत, आपल्या की जर्मनीच्या? इनायतुल्ला म्हणाला, आपल्याकडून माल रवाना झाला, पावती पाहिजे तं देतो, तिकडे कोणी उतरवून घेतला नाही तर मी काय करू? गौरांग म्हणाला, माझी तार हळू असेल पण खोटी नाही. आणि बाळाने भोकाड पसरले. ते भोकाड मात्र न तुटता, न अडखळता, स्वच्छ, वलगावच्या भिंती दणाणवत पोचले. ह्याचा न्याय काय, मला आजतागायत उमगलेले नाही.

तेव्हा चारुताने हळूच मागे वळून निखतकडे पाहिले. तिचा दोष नव्हता. लेकरू भुकेजले होते. निखतने मात्र मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नाही, चारुता, मी नाही सांगणार. ताराआत्या बसल्या आहेत ना तिकडं. तू साधा फोन लाव. आमच्या अम्मीशी मी साध्या फोनवरच बोलते, तोंड दिसत नाही, पण शब्द पुरा येतो."

साधा फोन! चार देशांच्या शहाण्यांना जे सुचले नाही ते! गौरांगने साधा फोन लावला. ताराबाईंनी पहिल्यांदा काय केले असेल? पडदा बंद केला. कोरिया गेला, अमेरिका गेली, दर गेले, वेग गेले. सहदेवकाकांच्या तोंडात घुगऱ्यांची मूठ कोंबली. इनायतुल्लाला डोळ्यांनीच उंबऱ्याबाहेर पाठवले. आणि फोन कानाला लावला. तिकडून चारुता कुजबुजली की ताई, फोन बाळाच्या कानाशी आहे, दूध पितेय, शांत आहे, सांगा.

काय क्षण होता तो! शेजारणींचे पदर डोळ्यांशी गेले. ताराबाईंनी गळा मऊ केला, म्हणाल्या, "कुर्र..." आणि पुढे शब्द येईना. कारण तीन वेळा ज्या बाईने तोंडातून शब्द काढला आणि तो पोचला नाही, तिचा विश्वास उडणार नाही तर काय होईल? मन धास्तावले, जीभ सवयीला गेली, आणि नाव सांगण्याच्या जागी त्या म्हणून गेल्या,

"हॅलो? ऐकू येऊन राह्यलं काय?"

पोचले! अक्षर न् अक्षर पोचले! बाळाने म्हणे दूध पिणे थांबवून डोळे मोठे केले. मागोमाग ताराबाईंनी 'वैदर्भी' म्हटले, एकदा नव्हे, पाच वेळा म्हटले, आणि तेही सगळे पोचले. पण तोवर तिकडे गौरांगला हसू आवरेनासे झाले होते.

"ताई, कुर्र केल्यावर आत्याच्या तोंडून पयला शब्द निघते तेच नाव! माह्या बारशाची गोष्ट सांगताना ही रीत तूच सांगतली होती मले. आता झालं. पोरीचं नाव हॅलो."

ताराबाई म्हणाल्या, वाह्यातपणा करू नको. मान राहिला होता, आवाज आत्याचाच गेला होता, फक्त शब्द... शब्द जरा घसरला होता.

आता ती पोर दोन वर्षांची आहे. सरकारी कागदावर वैदर्भी. देवापुढे वैदर्भी. पण घरात? हॅलो! हॅलो, जेव. हॅलो, पाणी सांडू नको. आणि तुम्हाला सांगतो, हेही एका घरापुरते राहिले असते तर निभावले असते. पण त्या जर्मन लोकांची रीत अशी की माणूस भेटला की पहिला शब्द, 'हालो'. पाववाली म्हणते हालो. बसवाला म्हणतो हालो. बागेतली म्हातारी कुत्र्याला फिरवता फिरवता म्हणते हालो. आणि ही पोर बाबागाडीत बसून प्रत्येकाकडे मान वळवून पाहते, हात हलवते, हसते. तिची खात्रीच झालेली की ह्या अख्ख्या देशाला आपले नाव पाठ आहे.

परवा गौरांगने हे कौतुकाने कळवले. सहदेवकाका तिथेच बसले होते, बोटांवर काहीतरी मोजत. ताराबाईंनी ऐकून घेतले, फोन खाली ठेवला, नथ सारखी केली, आणि एक सुस्कारा टाकून म्हणाल्या, "मले एका कानात सांगायचं होतं, काका. साऱ्या जर्मनीले ऐकू गेलं!"

तर मंडळी, तुमच्या घरोघरी पाळणा हलता राहो. शेतात बोंड निरोगी फुटो, चुलीवर भांडे भरलेले राहो. दूर गेलेली लेकरे सुखी असोत, त्यांची खुशाली वेळच्या वेळी येवो, आणि घरातल्या थोरांचा शब्द धाकट्यांच्या कानी प्रेमाने पडो. जो ऐकतो आहे त्याचे, जो ऐकायला येऊ शकला नाही त्याचे, आणि ज्याच्या घरी आज कोणीच बोलायला नाही त्याचेही, रुक्मिणीमाता कल्याण करो.